पंधरा वर्षांत कुणी तपासलंच नाही

*प्रभूमध्ये सलाम. मी जालना जिल्ह्यातल्या चार गावांच्या मंडळीत पाळकाचं काम करतो. वय ४१. बारावीनंतर बायबल स्कूलचा दोन वर्षांचा सर्टिफिकेट कोर्स केला, त्याला पंधरा वर्षं झाली. रविवारची उपासना, बुधवारची सभा आणि शुक्रवारची घरोघरची प्रार्थना, असे आठवड्याला तीन संदेश द्यावे लागतात. हल्ली तेच तेच बोलतोय असं माझं मलाच वाटतं. मंडळीतली मुलं इंजिनियरिंगला, नर्सिंगला गेली आहेत. ती प्रश्न विचारतात तेव्हा मी गडबडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली: सहा महिन्यांत घरबसल्या डॉक्टरेट, फी पस्तीस हजार. दुसरीकडे वाटतं, सगळं सोडून सेमिनरीत (पाळकांच्या कॉलेजात) जावं. पण दोन मुलं शाळेत आहेत आणि इंग्रजी कच्चं आहे. बायकांची प्रार्थना माझी पत्नी चालवते. काय करू?*
*– एक पाळक, जालना जिल्हा*

प्रिय बंधू, सलाम.

आधी पैशांचं. ते पस्तीस हजार भरू नका. डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी बहुतेक ठिकाणी सन्मान म्हणून दिली जाते, ती कुणी अभ्यास करून मिळवत नाही. अभ्यासाची जी डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री असते, तिला आधी पदव्युत्तर ईश्वरविज्ञान लागतं आणि त्यावर काही वर्षांची सेवा. बारावीनंतर सहा महिन्यांत कुणी ‘डॉक्टर’ करत असेल, तर तो तुम्हाला फक्त कागद विकतोय. पुढेही अशा जाहिराती येतील, तेव्हा फोन करून तीन गोष्टी विचारा: माझा लेखी अभ्यास कोण तपासणार, त्यांचं नाव काय, आणि तपासून परत आलेला एखादा जुना पेपर पाहायला मिळेल का? बनावट संस्था इथेच अडखळते. मान्यतेचं नाव सांगितलं, तर ते ज्या मंडळाचं आहे त्या मंडळाकडेच खात्री करा. आपल्याकडे ईश्वरविज्ञानात मुख्यतः दोन नावं पाहायची, पश्चिम बंगालमधल्या सिरामपूरचं सिनेट आणि एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन. सिरामपूर कॉलेज १८१८ चं; १८२७ ला डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९१८ च्या कायद्यानं सिनेटची आजची घडी बसली.

आता तुमचा खरा प्रश्न. आठवड्याला तीन संदेश म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर, आणि पंधरा वर्षांत दोन हजारांहून जास्त. इतक्या संदेशांपैकी एक तरी कुणी समोर बसून तपासला आहे का? दारात हात मिळवताना “छान झाला संदेश, पाळकसाहेब” म्हणतात, ते प्रेमानं म्हणतात; पण त्यातून काय कळलं नाही, कुठे मन भरकटलं, हे तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. नर्सच्या कामावर सिस्टर इन्चार्जचं लक्ष असतं, शिक्षकाच्या वर्गात केंद्रप्रमुख येऊन बसतात. पाळकाचं काम मात्र पाळकपदाची दीक्षा किंवा नेमणूक झाली की तपासायचं थांबतं. तेच तेच बोलणं होतं ते यामुळे. मनुष्य आळशी नसतो, पण चुका दाखवणारं कुणी नसलं की जे जमतं तेच तो पुन्हा पुन्हा करतो. म्हणून कुठलाही अभ्यासक्रम निवडताना त्यात आपलं काम नियमित तपासलं जाईल की नाही, हेच आधी बघा.

सेमिनरीबद्दल. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे (यवतमाळला १९५३ साली सुरू झाली, १९८३ ला पुण्यात आली), युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही आहे. दोन्हीकडे चौकशी जरूर करा, माहितीपत्रक मागवा. पण सिनेटची बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी) बारावीनंतर पाच वर्षांची आणि पदवीनंतर चार वर्षांची. तुमची मुलं आज शाळेत आहेत, चार गावांची मंडळी तुमच्या एकट्यावर आहे. या वर्षी जाऊ नका असंच आम्ही सांगू. दोन वर्षं घरी राहून नीट अभ्यास केलात आणि तरीही ओढ राहिली, तर तेव्हा जाणं जास्त फळाला येईल. त्याआधी तुमच्या संस्थेला एक पत्र लिहा: दीक्षेसाठी, बढतीसाठी कोणती पदवी चालते, बाह्य अभ्यासक्रम चालतो का? उत्तर लेखी घ्या. कितीतरी सेवक तीन-चार वर्षं अभ्यास करतात आणि शेवटी कळतं की ती पदवी त्यांच्या संस्थेत धरतच नाहीत.

घरी राहून शिकण्याचा एक मार्ग तुमच्यासारख्यांसाठीच निघाला आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालात प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे हाच पेच होता. खेड्यातल्या मंडळ्या खऱ्या अर्थानं चालवणारी माणसं शेती आणि कुटुंब सोडून शहरात शिकायला येऊ शकत नव्हती, आणि जे तरुण येत त्यांतले बरेच गावाकडे परत जात नव्हते. १९६३ च्या सुमारास तिथल्या शिक्षकांनी शाळाच गावाकडे नेली. यालाच पुढे टीईई, म्हणजे विस्ताराद्वारे ईश्वरविज्ञानाचं शिक्षण, असं नाव पडलं. भारतात १९७१ ला बंगळुरूमध्ये टॅफ्टी ही संस्था याच कामासाठी उभी राहिली. इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही त्यांचे अभ्यासक्रम चालतात. मराठीत सध्या कोणत्या पुस्तिका मिळतात, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जवळ गट आहे का, हे त्यांना पत्र लिहून विचारा. गट नसेल तर तुम्हीच चार-पाच जण जमवून मार्गदर्शक मागा.

या पद्धतीत तीन गोष्टी एकत्र असतात: रोज घरी पुस्तिका सोडवायची, आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाबरोबर गटात बसायचं, आणि शिकलेलं त्याच आठवड्यात मंडळीत वापरायचं. तिन्हींपैकी एक सुटलं की डोलारा कोसळतो. बहुतेक ठिकाणी तो असा कोसळतो: पाच दिवसांचा अभ्यास कुणीतरी गटाच्या आदल्या रात्री दोन तासांत उरकतो, उत्तराच्या जागा भरतो, आणि गटात बोलायला त्याच्याकडे काही नसतं. मग शांतता भरून काढायला मार्गदर्शक व्याख्यान देतो. तीन आठवडे असं झालं की गट म्हणजे आणखी एक सभा होते. उपाय साधा आहे. रोज पंचेचाळीस मिनिटं, सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत. आणि गटात कुणी काय सोडवलं यापेक्षा ‘कुठे अडलं’ हे आधी विचारायचं.

सुरुवात जून-जुलैत करा. पेरणीनंतर गावातली धावपळ थोडी निवळते, लग्नसराई संपलेली असते. दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबं निघतात, मग नाताळची तयारी, पुढे उपवासकाळ आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर). डिसेंबरात आणि सणाच्या आधीच्या दोन आठवड्यांत कुठलीही परीक्षा किंवा स्वाध्याय ठेवू नका. वर्षाला दोन पुस्तिका नीट झाल्या तरी पुष्कळ.

आता संदेशांकडे. मुलांच्या प्रश्नांनी तुम्ही गडबडता त्याचं मूळ इथेच आहे. आठवड्याला तीन वेगळे उतारे घेऊन तीन संदेश तयार करणं एका माणसाला झेपत नाही. मग हात आपोआप ओळखीच्या वचनांकडे जातो. म्हणून एका आठवड्याला एकच उतारा घ्या. रविवारी त्यावर प्रवचन. बुधवारी त्याच उताऱ्यावर चर्चा: लोकांना प्रश्न विचारायला सांगा, उत्तर येत नसेल तर “पुढच्या बुधवारी सांगतो” म्हणा आणि वहीत लिहा. शुक्रवारी घरी तोच उतारा वाचून त्याच्या शब्दांनी प्रार्थना. तयारीचे सहा-सात तास एकाच ठिकाणी लागतात आणि उतारा लोकांच्या तोंडी बसतो. पुस्तकही एकच घ्या. मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, सात-आठ महिने सहज पुरतं.

उतारा कसा वाचायचा, ते एका ओळखीच्या वचनावर पाहू. यिर्मया २९:११ तुमच्या मंडळीतल्या निम्म्या घरांत कॅलेंडरवर असेल: देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, आशेचा भविष्यकाळ आहे. दहावीच्या निकालाआधी यावर संदेश होतो, नोकरीच्या मुलाखतीआधी होतो. आता एकोणतिसावा अध्याय पहिल्या वचनापासून सलग पाच वेळा वाचा, त्यातलं एकदा मोठ्यानं. मग तो हातानं वहीत उतरवून काढा. लिहिताना डोळ्यांना न दिसलेलं दिसतं. ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’ हे शब्द अधोरेखित करा. हे एक पत्र आहे, आणि ते बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. दहाव्या वचनात मुदत आहे: सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत घर बघणार नाहीत. पाचव्या-सहाव्या वचनांत सांगितलंय की तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा. आणि सातव्यात, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आता एक अध्याय मागे जा. अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा उभा आहे आणि तो लोकांना दोन वर्षांत सुटका सांगतोय. टाळ्या त्यालाच मिळाल्या असणार. अकरावं वचन त्या दोन वर्षांवाल्या संदेशाच्या विरुद्ध बाजूनं आलेलं आहे.

आणि आपण ते वचन कसं वापरतो? हनन्यासारखं: लवकरच सगळं ठीक होईल. इंजिनियरिंगला गेलेला मुलगा नेमका इथेच अडतो. त्याला नोकरी मिळालेली नसते आणि त्याला वाटतं, एक तर देव खोटा किंवा पाळक. हाच अध्याय पूर्ण वाचून दाखवलात तर तो पुण्याच्या खोलीवर राहणाऱ्या मुलासाठी, वाळूजला शिफ्ट करणाऱ्यासाठी, ऊसतोडीच्या कोपीतल्या कुटुंबासाठी केवढा मोठा आधार आहे! परक्या गावातही देव तुम्हाला घर मांडायला सांगतो, त्या गावाचं भलं मागायला सांगतो. टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरची भाष्यं, यानंतर उघडा. आधी उघडलात तर दुसऱ्याचाच संदेश तुमच्या तोंडून बाहेर पडतो.

संदेश तपासण्याची व्यवस्था: मंडळीतली दोन माणसं निवडा, एक तरुण आणि एक वयस्क, शक्यतो कमिटीबाहेरची. त्यांना पोस्टकार्डाएवढे कागद द्या. उपासनेनंतर त्यांनी दोनच गोष्टी लिहायच्या: आज एका वाक्यात काय सांगितलं गेलं, आणि कुठे लक्ष उडालं. दोघांची वाक्यं वेगवेगळी निघाली तर संदेशाला एक सूत्र नव्हतं. पहिले तीन-चार आठवडे दोघंही भिडेखातर ‘सगळं छान’ लिहितील. मग तुम्हीच आधी सांगा, “मला वाटतं शेवटची दहा मिनिटं लांबली, तुम्हाला?” त्यानंतर खरं लिहिलं जातं. शिवाय फोनवर रेकॉर्ड करा आणि मंगळवारी ऐका. सोमवारी ऐकू नका, थकलेल्या मनाला सगळंच वाईट वाटतं.

याहून मोठी उणीव मात्र बहुतेक सेवकांची ऐकण्यात असते, आणि तिच्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. दवाखान्यातल्या पाळकीय प्रशिक्षणात, वेल्लोरच्या सीएमसीसारख्या (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) ठिकाणी, एक पद्धत वापरतात: भेट झाल्यावर ते संभाषण आठवेल तसं, शब्दाला शब्द, लिहून काढायचं आणि गटासमोर ठेवायचं. समजा असं लिहिलं गेलं:

बाई: पोरगा फोनच उचलत नाही. फायनान्सवाले दारात येऊन बसतात.
पाळक: प्रभू सगळं पाहतोय, मावशी.
बाई: हो.
पाळक: चला, प्रार्थना करू या.
बाई: हं.

प्रार्थना वाईट नव्हती. पण बाईंचं ‘हो’ आणि ‘हं’ पाहा. पहिल्या ओळीत त्यांनी दोन दुःखं पुढे ठेवली, आणि पाळकानं एकालाही हात लावला नाही. पाळकालाच अस्वस्थ वाटत होतं, म्हणून त्यानं लवकर डोळे मिटले. त्याऐवजी विचारलं असतं, “ते येऊन बसतात तेव्हा घरात तुमच्याबरोबर कोण असतं?” तर कदाचित उत्तर आलं असतं, “कुणी नाही. आतून कडी लावून बसते.” आता कळलं की ही बाई एकटी आहे, घाबरलेली आहे. अशा वेळी सरळ विचारायला कचरू नका: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवशी त्यांना एकटं सोडायचं नाही, घरच्या कुणाला तरी बोलवायचं, सरकारी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर तिथूनच फोन लावायचा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थना करायचीच, पण ती हे सगळं कानावर आल्यानंतरची प्रार्थना असेल.

यासाठी शेजारच्या मंडळ्यांतले चार ते सहा सेवक महिन्यातून एकदा तीन तास जमवा. वेगळ्या पंथाचे असले तरी चालतील, किंबहुना बरे. दर वेळी एकानं असं एक पान आणायचं, नाव-गाव बदलून. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं: इथे तू घाईत का होतास? वाचून झालं की पान त्याच खोलीत फाडायचं. जालना जिल्हा लहान आहे, आणि एका कुटुंबाची गोष्ट दुसऱ्या गावात पोहोचली की तो गट कायमचा संपतो.

कायद्याचा भागही अभ्यासातच धरा. सेमिनरीतून शिकून आलेलेही इथे चुकतात. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्यानं होतात. बिशपांच्या हातून दीक्षा झालेल्यांची गोष्ट वेगळी, बाकीच्या सेवकांना लग्न लावण्यासाठी राज्य सरकारचा परवाना लागतो आणि तो व्यक्तीच्या नावावर असतो. तुमच्याआधीच्या पाळकांकडे होता म्हणून तुम्हाला चालत नाही. अधिकार नसताना लग्न लावणं हा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजच आपले कागद काढून बघा. दुसरं, मुलांवरचे लैंगिक अत्याचार. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी गोष्ट कळली, किंवा घडेल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. पाळकाला विश्वासानं सांगितलं म्हणून सूट नाही, आणि कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. ‘मंडळीची अब्रू’ म्हणून कमिटीत मिटवणं हे मुलावर दुसऱ्यांदा केलेलं अन्याय्य कृत्य आहे, एवढं स्पष्ट लिहून ठेवतो. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक संडे स्कूलच्या भिंतीवर लावा. तिसरं, मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यापासून नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जातो की नाही, ते सेक्रेटरींना विचारा.

इंग्रजीची लाज बाळगू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली सांभाळत असताना हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. साध्या बायकांना कळावं हाच त्यांचा ध्यास होता. शास्त्र खोलवर समजण्याचा रस्ता इंग्रजीतूनच जातो असं नाही. दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. जिथे शब्द वेगळे पडतात तिथे थांबा, मूळ शब्दात काहीतरी अवघड आहे याची ती खूण असते. इंग्रजी मात्र थोडं शिका, कारण बरेचसे टीकाग्रंथ त्यात आहेत. रोज वीस मिनिटं, इंग्रजी बायबलचा तोच उतारा जो मराठीत पाठ आहे. एक वही करा: ‘जस्टिफिकेशन’ समोर ‘नीतिमान ठरवणं’, ‘सँक्टिफिकेशन’ समोर ‘पवित्रीकरण’, आणि तिसऱ्या रकान्यात तुमच्या गावातल्या आजीला कळेल असं एक वाक्य. तो तिसरा रकाना भरता आला नाही तर तो शब्द अजून तुम्हाला कळलेला नाही.

कमिटीला एका पानाचा अर्ज द्या. त्यात तीनच मागण्या: मंगळवार आणि गुरुवार सकाळी दहापर्यंत आणीबाणी सोडून भेटी नाहीत, तीन महिन्यांतून एक रविवार दुसरा कुणी संदेश देईल, पुस्तकांसाठी मंडळीकडून महिना पाचशे रुपये. बदल्यात दर सहा महिन्यांनी काय शिकलो ते तुम्ही लेखी सांगाल. ‘मला शिकायचंय’ एवढंच बोललात तर “हो हो, शिका की” म्हणून विषय संपतो. लेखी अर्जावर ठराव करावा लागतो, इतिवृत्तात नोंद होते.

आणि पुस्तिका मागवाल तेव्हा दोन प्रती मागवा. तुमच्या पत्रात पाळकबाईंना शेवटची ओळ मिळाली आहे. बायकांची प्रार्थना त्या चालवतात, म्हणजे चार गावांतली आजारपणं, कर्ज, घरातली मारहाण आधी त्यांच्याच कानावर येत असणार, आणि त्यांना तर दोन वर्षांचा सर्टिफिकेट कोर्सही मिळाला नाही. साप्ताहिक गटात त्यांची जागा पहिल्या दिवसापासून ठेवा. सकाळची ती पंचेचाळीस मिनिटं दोघांना मिळायची तर चहा, डबे आणि मुलांची तयारी आलटून पालटून कोण करणार, ते आज रात्रीच बसून ठरवा.